पुढचा वजा, मागचा जमा

रोक्काव्हेंतोसा,
ता. IX मे, MCMLXIV

ती. एर्सिलियाताईंच्या सेवेशी,

उबाल्दोचा, पाठ जितकी वाकते तितका वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? ओर्तेन्सिया सांगायची तेव्हा मी ‘हो का’ म्हणायचो आणि मनात कविता म्हणत असायचो. आता त्याची लाज वाटते.) आंकोनाची समुद्राची हवा सांध्यांना वाईट असं आमचा न्हावी नाझारेनो म्हणतो, पण तो आयुष्यात समुद्रापर्यंत गेलेला नाही, तेव्हा मनावर घेऊ नका. चिरंजीव फुरिओची बदली रद्द झाली का? नाताळात तुम्ही पाठवलेली बडीशेपेची बिस्किटं मी मार्चपर्यंत पुरवली, शेवटची दोन तर कॉफीत बुडवूनही दाताला दाद देईनात, तरी खाल्ली. तुमच्या तीन पत्रांना उत्तर नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. हक्काचा राग आहे. पण ताई, गेला महिनाभर मी अशा धक्क्यात आहे की हातात पेन धरलं की ते आपोआप उभ्या रेघा ओढायला लागतं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, पण ते खरं धरू नका.

सांगायचं तर मुळापासून सांगायला हवं, आणि मूळ म्हणजे तिसरीचा वर्ग. बोनफिल्यीबाई तुम्हाला होत्याच. आम्हाला आल्या तेव्हा त्यांचे केस नुकते पांढरे व्हायला लागले होते, आणि कविता शिकवताना त्या खडू हातात तसाच धरून खिडकीबाहेर बघायच्या. कवितेत बर्फ पडत असला तर आमच्या बाकांवर बर्फ पडायचा. मी अजून डोळे मिटले की तो वर्ग दिसतो, ओल्या लोकरीच्या मोज्यांचा वास, चुलीत घालायला प्रत्येकाने घरून आणलेलं एकेक लाकूड, आणि बाईंचा तो आवाज. तर त्या वर्षी फेब्रुवारीत मला गालगुंड झालं. दोन आठवडे मी आईचा लोकरी रुमाल हनुवटीखालून डोक्यावर बांधून अंथरुणात पडून होतो आणि पाठ असलेल्या सगळ्या कविता छताला म्हणून दाखवत होतो. परत शाळेत गेलो तर वर्ग अपूर्णांकांपर्यंत पोचला होता. मधल्या काळात काय होऊन गेलं हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ताई, त्या दोन आठवड्यांत रोमन आकडे होऊन गेले होते.

तुम्ही म्हणाल, एवढा मोठा बाप्या, बहात्तर वर्षांचा, रोमपासून तीन तासांवर राहतो आणि रोमन आकडे येत नाहीत? मलाही हेच वाटायचं, म्हणून मी कोणाला कळू दिलं नाही. पोपांचे आणि राजांचे क्रमांक मी आयुष्यभर कानांनी ऐकले, वाचायची वेळ आली नाही. कारंज्यावरच्या शिळेपुढे पाहुण्यांना घेऊन गेलो की म्हणायचो, ‘फार जुनं आहे,’ आणि ते कधी खोटं ठरलं नाही. आणि राहिलं आपल्या गावचं घड्याळ. तुम्हाला ते आठवतच असेल, सहा आकड्यांचं, काटा दिवसातून चार फेऱ्या मारणारं. बाहेरगावचे लोक त्याला हसतात, पण सहाच्या पुढे मोजायची गरज पडावी अशी घाई या गावाला कधी नव्हती. तर त्या घड्याळावर एक काडी, दोन काड्या, तीन काड्या, चार काड्या, मग ते पक्ष्याच्या पायासारखं पाच, आणि त्याच्यामागे एक काडी लावून सहा. हे मला लहानपणापासून येतं. यावरून मी पुढचं मनाने रचून घेतलं होतं. फुली म्हणजे दहा हे सगळ्यांनाच माहीत असतं. फुलीला काडी लागली की अकरा. कुठूनही लागो, काडी ती काडी.

आता ओर्तेन्सियाकडे येतो. (सगळ्या वाटा तिकडेच जातात, काय करू?) डोन फुल्जेंझ्यो या जुन्या पाद्रींनी दोनशे वर्षांपूर्वी रचलेली आपली ‘घंटेची गाथा’ तुम्हाला बाळघुटीबरोबर मिळालेली. अठ्ठेचाळीस सर्ग (गोष्ट क्रमाने जात नाही, पुढचं आधी, मागचं नंतर), अठ्ठेचाळीस घरं. ईस्टरच्या सोमवारी टोपलीतून चिठ्ठी उचलायची, चिठ्ठीवर सर्गाचा क्रमांक, तो रोमन आकड्यांत, कारण पुस्तकात तसाच छापलाय. मग मे महिन्यातल्या उत्सवात देवळाच्या पायरीवर उभं राहून तो सर्ग तोंडपाठ म्हणायचा. मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत आलो. युद्धाची दोन वर्षं सोडली तर एकोणचाळीस वेळा. दर वेळी चिठ्ठी उचलली की मी खिसे चाचपायचो, ‘अरेरे, चष्मा घरी राहिला’ म्हणायचो आणि खांद्यावरून चिठ्ठी मागे द्यायचो. मागे ओर्तेन्सिया असायची. ती बघायची, घडी घालून पदरात, म्हणजे एप्रनच्या खिशात टाकायची, आणि कानाशी येऊन म्हणायची, ‘चौदावा.’ चष्मा कधी कधी माझ्या नाकावरच असायचा.

चौदावा सर्ग माझा हातखंडा. खेचर घंटा घेऊन डोंगर चढताना वळणावर अडतं आणि बेकरीवाल्याची मुलगी ऊन पाव दाखवून त्याला वर आणते:

खेचर अडले वळणावरती, हलेना ते काही;
पाव घेउनी पोर म्हणाली, ‘येतोस की नाही?’

हाच सर्ग मी तुमच्या वडिलांच्या बेकरीसमोर, संपूर्ण १९२१ साल, रोज पाव घेण्याच्या निमित्ताने म्हणत होतो. तुम्ही आतून पिठाचा हात दाखवून मला दोनदा हाकललंत, ते मी विसरलेलो नाही, आणि माफही केलेलं आहे. लग्नानंतर तो सर्ग दर दोन-तीन वर्षांनी माझ्याच वाट्याला येत राहिला. एकोणचाळीसपैकी सतरा वेळा. मी समजत होतो की आपल्या गावच्या संतांची माझ्यावर मर्जी आहे.

या ईस्टरला टोपलीपुढे पहिल्यांदाच एकटा उभा राहिलो. नोव्हेंबरपासून मी बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच एकटा करतोय, पण ही जरा जड गेली. चिठ्ठी उचलली, खिसे चाचपले, चष्मा घरी राहिला म्हणालो, आणि सवयीने हात खांद्यावरून मागे केला. हात तसाच हवेत राहिला. मग कोणीतरी तो धरला. वळून बघतो तर नाझारेनो न्हावी. त्याला वाटलं मी हस्तांदोलनाला हात पुढे, म्हणजे मागे, केलाय. ‘धीर धरा, उबाल्दोसाहेब,’ म्हणाला आणि जोरजोरात हलवत राहिला. चिठ्ठी चुरगळली. घरी जाऊन इस्त्रीखाली सरळ केली आणि स्वतः वाचली: एक काडी, एक फुली. IX. दहा नि एक, अकरा. मला काय आनंद झाला! कोणाच्या मदतीशिवाय वाचलं. अकरावा सर्ग म्हणजे घंटेवर मधमाशांचं पोळं बसतं तो. गमतीचा, दर वर्षी दोघं तरी म्हणतात, लोक म्हणतात संतांना तो दोनदा ऐकायला आवडतो. मी त्याच दिवशी पाठ म्हणायला सुरुवात केली.

आणि पुढच्या रविवारी डोन तार्चिझ्योंनी बॉम्ब टाकला. हे आपले नवे पाद्री, तुम्ही ओझरतेच पाहिलेत. दीड वर्षापूर्वी बेर्गामोकडून आले, थंड डोक्याचे, हातात कायम पेन्सिल. आधीचे डोन गाउदेन्झ्यो उत्सवात पहिल्या सर्गाला झोपायचे आणि अठ्ठेचाळिसाव्याला टाळ्यांनी उठायचे, त्यामुळे गावात शांतता होती. हे मात्र गेल्या वर्षी पुस्तक मांडीवर उघडून बसले होते. प्रवचनाच्या शेवटी त्यांनी एक कागद काढला आणि वाचून दाखवलं की गेल्या उत्सवात अठ्ठेचाळीस घरांनी मिळून फक्त तेवीस सर्ग म्हटले. मधमाशांचा सहा वेळा, पावाचा पाच वेळा. चाळिसाव्यानंतरचा एकही नाही. नववा सर्ग गावात कोणी कधी ऐकल्याचं कोणाला आठवत नाही. ते पुढे म्हणाले, यंदा पायरीवर चढण्याआधी चिठ्ठी माझ्या हातात द्यायची, मी पुस्तकाशी ताडून बघणार. आणि चुकीचा सर्ग म्हणणाऱ्याला जुन्या रिवाजातली शिक्षा, म्हणजे मिरवणुकीत घंटेच्या खेचरामागे झाडू आणि सूप घेऊन चालायचं, आणि घरचा मान तिथेच संपला. (ही शिक्षा पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे. प्रस्तावना आजवर कोणी वाचली नव्हती.)

ताई, त्या क्षणी अख्ख्या गावाचं पितळ उघडं पडलं. मला वाटत होतं मी एकटाच. तर कोणालाच येत नव्हतं! अर्धे जण चिठ्ठीवर काहीही असलं तरी येईल तो सर्ग म्हणत होते, अर्धे शेजाऱ्याला विचारत होते, आणि शेजारी माझ्यासारखे होते. बोनफिल्यीबाईंनी सगळ्यांना शिकवलं होतं, पण शाळेतून बाहेर पडलं की समोर घड्याळ, आणि घड्याळाने सगळ्यांना विसरायला लावलं. रोमन साम्राज्याच्या पोटात आम्ही राहतो, आणि एकाला रोमन चौदा धड वाचता येत नाही. मी देवळाबाहेर बाकावर बसलो तो जेवायचं विसरलो.

मग रविवारच्या प्रार्थनेनंतर शाळेत वर्ग सुरू झाले. त्याच खोलीत, ताई. बाक नवे आहेत, खिडकी तीच. वर्गात पंचेचाळीस म्हातारे-म्हाताऱ्या, गुडघे बाकाच्या वर, टोप्या मांडीवर, प्रत्येकापुढे काड्यापेटी. डोन तार्चिझ्यो काड्या मांडायला लावतात. पहिल्या दिवशी सरळ सांगितलं की या आकड्यांत शून्य नाही. शून्य नाही! मी म्हटलं, असेल, कुठेतरी पाठीमागे ठेवलं असेल. म्हणाले, नाही, त्यांना गरज पडली नाही. त्या दिवशी मला झोप लागली नाही. रस्ते बांधले, पूल बांधले, अर्धं जग जिंकलं, आणि काहीही न उरणं लिहायला एक खूण सुद्धा ठेवली नाही. पन्नासाला L, शंभराला C, हजाराला M, ही अक्षरं कोणी कोणाला विचारून बसवली हेही कोणी सांगत नाही. म्हणजे जी अक्षरं कवितेसाठी जन्माला आली त्यांना या लोकांनी हिशेबाला जुंपलं. एखाद्या गाणाऱ्या मुलीला धान्याची पोती वाहायला लावावीत तसं.

पण खरा स्फोट दुसऱ्या रविवारी झाला. डोन तार्चिझ्योंनी फळ्यावर IV काढलं आणि म्हणाले, हा चार.

‘नाही,’ नाझारेनो उभा राहिला. ‘चार म्हणजे चार काड्या. बाहेर घड्याळावर आहेत, बघून या.’

‘घड्याळवाल्यांची पद्धत वेगळी असते,’ डोन तार्चिझ्यो म्हणाले. ‘पुस्तकात हा चार. लहान आकडा मोठ्याच्या पुढे उभा राहिला की वजा करायचा, मागे उभा राहिला की मिळवायचा.’

‘डोन तार्चिझ्यो, मी चाळीस वर्षं केस कापतोय. डोक्यावरचे केस डावीकडून उजवीकडे वळवले म्हणून वाढत नाहीत. वाढले असते तर मी आज श्रीमंत असतो.’

‘केस नाही, नाझारेनो. आकडे.’

‘काडी तीच ना? एकच ना? मग इकडे उभी राहिली तर चोर आणि तिकडे उभी राहिली तर दाता?’

मागच्या बाकावरून पाल्मिरा बोलली. ही आपली धोबीण पाल्मिरा, ऐंशी पार, अजून साबणाचा वास येतो. ‘यात न कळण्यासारखं काय आहे? माझा चेलेस्ते आयुष्यभर माझ्या पुढे उभा राहिला. दारात कोणी आलं की हा पुढे. फोटो काढायला हा पुढे. मी दहा होते हो, डोन तार्चिझ्यो, चांगली धडधाकट दहा. त्याने मला नऊ करून ठेवलं.’

सगळे हसले. चेलेस्ते शेजारीच बसला होता, तो म्हणाला, ‘मग आता मागे जाऊ का?’ ‘आता कुठे जातोस,’ पाल्मिरा म्हणाली, ‘बस, काड्या मोज.’

मी हसलो नाही, ताई. म्हणजे आधी हसलो, मग थांबलो. पाल्मिराचं ते ‘नऊ’ माझ्या डोक्यात अडकलं. दहाच्या पुढे एक. मी काड्यांनी तसं मांडलं: एक काडी, मग फुली. IX. माझ्या चिठ्ठीवरचं चित्र माझ्यासमोर बाकावर पडलं होतं. मी बोट वर केलं (बासष्ट वर्षांनी त्या खोलीत बोट वर केलं) आणि विचारलं, हा अकरा ना? डोन तार्चिझ्यो जवळ आले, पेन्सिलीने माझी काडी फुलीच्या दुसऱ्या बाजूला सरकवली आणि म्हणाले, ‘हा अकरा, उबाल्दोसाहेब.’ मग परत पहिल्या जागी आणली. ‘आणि हा नऊ.’

मी घरी कसा आलो आठवत नाही. पुस्तक काढलं. नववा सर्ग तुम्हाला माहीत आहे का? मी अख्खी गाथा पाठ असल्याची फुशारकी मारतो, पण तो सर्ग मी १९२९ नंतर उघडलेला नाही. गाडीवानाची लहान मुलगी तापाने अंथरुणाला खिळलेली असते, आणि घंटा गावात येण्याची वाट बघते.

‘घंटा आली की उठीन,’ म्हणाली उशीवरूनी पोर;
घंटा आली, वाजू लागली. बापाच्या हाती दोर.

एवढं लिहून पुरे. आमच्या लुचेत्ताचं नाव तुम्ही, मी आणि ओर्तेन्सियाने चौतीस वर्षांत आपसांत उच्चारलं नाही, आणि आज मीच लिहिलं. घटसर्पाच्या त्या आठवड्यात तुम्ही आंकोनाहून तीन गाड्या बदलून आला होतात. मला सगळं आठवतं.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना नाझारेनोला सांगितलं की मी हा सर्ग म्हणू शकत नाही. त्याने वस्तरा पुसला आणि स्वतःची चिठ्ठी काढून दाखवली. XI! अस्सल अकरा, फुलीच्या मागे काडी. म्हणाला, ‘बदलून टाकू. माझी तुम्ही घ्या, तुमची मी घेतो. मला मुलं नाहीत, बाळं नाहीत, मी नववा म्हणतो, कोणाला काही होत नाही.’ मी म्हटलं, अरे, चिठ्ठी ही संतांनी दिलेली. तो म्हणाला, ‘संतांनी दोघांनाही त्याच दोन काड्या-फुल्या दिल्यात. उभं कुठे राहायचं ते आपण ठरवू.’ त्याचं म्हणणं मला पटलं. फार पटलं. मी घरी चिठ्ठी आणायला गेलो.

चिठ्ठी मी ओर्तेन्सियाच्या सवयीप्रमाणे तिच्या बिस्किटांच्या डब्यात टाकली होती. डबा तुम्ही पाहिलाय, निळा, झाकणावर होडी असलेला. त्यात सगळ्या जुन्या चिठ्ठ्या ती ठेवायची, शुभ म्हणून. त्या दिवशी माझी चिठ्ठी काढायला डबा उपडा केला आणि चिठ्ठ्या टेबलावर पडल्या, तर काही उलट्या पडल्या. आणि मागे पेन्सिलीने लिहिलेलं. साधे आकडे, तिच्या अक्षरात, तुमच्या बेकरीच्या वहीतल्यासारखे टोकदार. मी चष्मा लावला. (खरोखरच लावला.) ताई, जसंच्या तसं उतरवून देतो:

‘१९२६. ३८. बिशपांची यादी. याला खोकला. १४ सांगितला.’

‘१९३७. २७. नुसता पाऊस. लोक जेवायला उठतील. १४.’

‘१९४१. ४४. यात लॅटिन आहे, फुशारेल. ११ सांगितला.’

‘१९४८. २. चांगला आहे. पण मला चौदावा ऐकायचाय.’

एकोणचाळीस चिठ्ठ्या. एकोणचाळीस वर्षांत चौदावा सर्ग संतांनी मला एकदाही दिला नव्हता, ताई. एकदाही नाही! सतराच्या सतरा वेळा तिनेच दिला. तिला वाचता येत होतं. गावात एकटीला. (मग आठवलं, गिरणीवाला तुमच्या वडिलांच्या पोत्यांवर हेच आकडे कोळशाने टाकायचा, आणि पोती तुम्ही दोघी उतरवून घ्यायच्या. म्हणजे तुम्हालाही येत होतं! तुम्ही दर ईस्टरला आणि उत्सवाला माहेरी यायच्या, खाली गर्दीत उभ्या असायच्या, मी चिठ्ठी मागे द्यायचो, ती मला खोटं सांगायची, मे महिन्यात मी तेच पायरीवरून म्हणायचो, आणि तुम्ही रुमालात हसायच्या. मला वाटायचं तुम्हाला माझ्या आवाजाने गहिवरून येतं.)

आणि त्या ढिगात दोन चिठ्ठ्या IX च्या होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदाच दोन IX एकामागून एक वाचले आणि चुकलो नाही. एकीच्या मागे: ‘१९३०. ९. नाही.’ दुसरीच्या मागे: ‘१९५१. ९. अजून नाही.’

यंदाच्या चिठ्ठीच्या मागे काही लिहिलेलं नाही. मी दोनदा उलटून बघितली.

नाझारेनो संध्याकाळपर्यंत दुकान उघडं ठेवून बसला होता. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तुझ्या मधमाशा तू सांभाळ. तो म्हणाला, ‘तुमची मर्जी, पण पायरीवर मध्येच अडलात तर मला ओरडू नका.’ तेव्हापासून रोज सकाळी नववा सर्ग छताला म्हणून दाखवतो, गालगुंडाच्या दिवसांसारखा. अकरा कडवी येतात, बारावं येत नाही. म्हणजे पाठ आहे. येत नाही.

तर असा हा इकडचा वृत्तान्त. पानं बरीच झाली, पाकिटाला जादा तिकीट लागेल. फुरिओला आणि सूनबाईंना माझा आशीर्वाद, त्यांच्या धाकट्याला एक पापी. गुडघ्याला गरम मिठाचा शेक देत जा (जो दुखत असेल त्याला). कळावे, आता रोमन आकडे येणारा, आणि त्यामुळे पूर्वीपेक्षा कमी सुखात असलेला,

तुमचा मेहुणा
उबाल्दो

ता. क. बडीशेपेची बिस्किटं आणखी पाठवलीत तर यंदा जरा कमी भाजा. आणि वरची तारीख नऊ मे आहे. अकरा वाचू नका. (तुम्ही वाचणार नाही, हे आता मला माहीत झालं आहे, आणि त्याबद्दल आपण समक्ष बोलू.)

ता. क. आणखी एक. उत्सव XXIV तारखेला, रविवारी आहे. आंकोनाहून सकाळची बस साडेनऊला चौकात येते, माझा क्रमांक जेवणाआधीचा आहे. हे पत्र खरं तर याचसाठी लिहायला घेतलं होतं, बाकीचं मध्ये आलं. तुम्ही या. गर्दीत उभ्या राहू नका, पायरीवर या, आणि माझ्या मागे उभ्या राहा, ओर्तेन्सिया राहायची तिथे, उजव्या खांद्याशी. काही सांगायला नको, नुसतं उभं राहायचं. मात्र पुढे येऊ नका, ताई. पुढे आलात तर मी एकाने कमी होईन, आणि मी आधीच एकाने कमी आहे.

ता. क. शेवटचं. बारावं कडवं आलंच नाही, तर मी तिथल्या तिथे चौदाव्या सर्गावर उडी मारणार आहे, खेचर आणि पाव, डोन तार्चिझ्यो पुस्तक घेऊन बसले असले तरी. मग झाडू आणि सूप घेऊन खेचरामागे चालावं लागेल. मी हिशेब करून बघितला आहे. मागे चालणारा तो जमाच.